वाचायला नको म्हणणारं मूल आणि घरची शाळा: कोकणातल्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

मुलांना घरीच शिकवणारी कुटुंबं अलिबागपासून सावंतवाडीपर्यंत भेटतात, आणि त्यांच्याकडून सगळ्यांत जास्त प्रश्न येतात ते वाचनाचे. बाकी सगळं ठीक चाललेलं असतं. पुस्तक उघडलं की मात्र मुलाला तहान लागते, पोटात दुखतं, अंगणातलं मांजर आठवतं. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान प्रश्न २ आधी वाचा, कारण पुढची बरीच उत्तरं त्यावर उभी आहेत.

१. मुलगा सात वर्षांचा झाला, अजून वाचत नाही. उशीर झाला का?

फक्त वयावरून तसं म्हणता येत नाही. फिनलंडमध्ये मुलं पहिलीत बसतात तीच सातव्या वर्षी. आपल्याकडे केंद्र सरकारने २०२१ साली सुरू केलेल्या निपुण भारत अभियानाचं उद्दिष्टही तिसरी संपेपर्यंत मूल समजून वाचायला लागावं, हेच आहे. पाच ते आठ या वयात मुलामुलांत खूप फरक असतो.

सातव्या वर्षी बघायच्या गोष्टी दोन. गोष्ट ऐकायला तो मांडी घालून बसतो का? आणि शब्दातले आवाज त्याला वेगळे ऐकू येतात का, म्हणजे "मासा, माड, मांजर यांत सुरुवातीला सारखं काय ऐकू येतं?" असं विचारलं तर सांगतो का? दोन्हीला हो असेल तर निवांत राहा आणि रोज थोडं थोडं करत राहा. अक्षरं महिनोन्महिने दाखवूनही टिकत नसतील तर प्रश्न १२ बघा.

२. "वाचत नाही" म्हणजे नेमकं काय अडतंय, हे ओळखायचं कसं?

हा प्रश्न पालक कमी विचारतात, पण खरं म्हणजे सगळ्यात आधी हाच विचारायला हवा. गफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ साली एक साधी मांडणी केली: समजून वाचणं हा दोन गोष्टींचा गुणाकार आहे. एक, अक्षरांवरून शब्द ओळखणं. दुसरी, ती भाषा ऐकून समजणं. गुणाकारात एक बाजू शून्य असली की उत्तर शून्यच येतं, दुसरी कितीही मोठी असली तरी.

घरी तपासायला पाच मिनिटं पुरतात. तो अडखळतो तेच पान तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा. ऐकल्यावर सगळं कळलं आणि "पुढे काय?" म्हणाला, तर अडचण अक्षरांची आहे (प्रश्न ३). तोच घडाघडा वाचतो, पण काय झालं ते सांगता येत नाही, तर अडचण भाषेची नाहीतर विषयाची आहे (प्रश्न ४ आणि ६). वाचतोही, कळतंही, तरी नको म्हणतो, तर त्याला ते पुस्तक नको आहे किंवा ती बैठक नको आहे (प्रश्न ५ आणि ७).

या तीन मुलांना एकच औषध देऊन चालत नाही. "रोज एक पान वाचलंच पाहिजे" हा नियम पहिल्याला रडवतो, दुसऱ्याला पोपट करतो आणि तिसऱ्याच्या मनात पुस्तकाविषयी राग भरतो. शाळेत चाळीस मुलांमागे एक बाई असतात, त्यांना ही निवड करायला उसंत मिळत नाही. घरी ती मिळते. घरी शिकवण्याचा वाचनापुरता सगळ्यात मोठा फायदा मला हाच वाटतो.

३. बाराखडी तोंडपाठ आहे, पण साधा शब्द वाचता येत नाही. असं कसं?

कारण बाराखडी तो गाण्यासारखी म्हणतो. "क का कि की" चालीत म्हणणं आणि "की" हे चिन्ह एकटं समोर आल्यावर ओळखणं, ही वेगवेगळी कामं आहेत.

थोडी अक्षरं घ्या आणि लगेच शब्द करा. क, म, ल, र, ग आणि काना एवढ्यावर गर, काम, लाल, गार, मका, गरम, मगर इतके शब्द होतात. फणसाचा गर खाणाऱ्या मुलाला "गर" हा शब्द पहिल्याच दिवशी आपला वाटतो. मग एकेक अक्षर वाढवा: ड आलं की माड, स आलं की मासा. मूल "म... ग... र..." असं सुटं वाचतं तेव्हा शेवटी "मगरअ" ऐकू येतं आणि त्याला शब्द लागत नाही. म्हणून सुटं म्हणून झाल्यावर "आता पटकन जोडून म्हण" हे दर वेळी सांगावं लागतं.

काही ठिकाणी जवळजवळ प्रत्येक मूल अडतं. पहिली वेलांटी लिहिताना अक्षराआधी दिसते, पण आवाज नंतर येतो. घ आणि ध, भ आणि म एकाच आठवड्यात शिकवू नका. "ख" बऱ्याच मुलांना "रव" दिसतो. ल आणि श पुस्तकात एका वळणाचे असतात आणि मोबाइलच्या पुष्कळ फॉन्टमध्ये हिंदी वळणाचे, हे मुलाला सांगितलेलं नसतं. आणि र तर प्रकाश, सूर्य, ट्रक, दऱ्या या प्रत्येक शब्दात वेगळंच रूप घेतो. जोडाक्षरांची घाई करू नका. साधे शब्द विचार न करता वाचता येऊ लागले की मगच त्यांच्याकडे वळा, आणि र ची चारही रूपं चार वेगळ्या दिवशी दाखवा.

४. आम्ही घरी मालवणी बोलतो. पुस्तकातली मराठी त्याला परकी वाटते. घरी शुद्ध बोलायला लागू का?

नको. कृपा करून नको. मूल ज्या बोलीत विचार करतं, भांडतं, आजीला हाक मारतं, ती बोली त्याच्या समजेचा पाया आहे. घरात अचानक सगळे पुस्तकासारखे बोलायला लागले तर त्याला एवढंच कळतं की आपलं बोलणं चुकीचं आहे, आणि मग ते तोंडच उघडत नाही. मालवणी असो, संगमेश्वरी असो की आगरी, उत्तर हेच.

त्याऐवजी त्याचंच बोलणं कागदावर आणा. तो सांगेल ते, सांगेल तसंच, मोठ्या अक्षरात लिहा: "आज माका बांगडो गावलो." मग तेच त्याला वाचायला द्या. वाक्य त्याचं असल्यामुळे पुढचा शब्द काय येणार हे त्याला ठाऊक असतं, आणि सगळी शक्ती अक्षरं ओळखण्याकडे लागते. असे कागद सुतळीने बांधले की त्याचं पहिलं पुस्तक तयार होतं. बोली कशी लिहायची याची चिंता नको. जसं ऐकू येतं तसं लिहा.

पुस्तकाच्या मराठीकडे जायची वाट वाचून दाखवण्यातून जाते. पान पुस्तकातल्या मराठीत वाचा आणि अडलं तिथे मालवणीत सांगा. "पुस्तकात 'मला' छापतंत, आपण 'माका' म्हणतो" एवढं बोललं की पुरे, व्याकरणाचा तास नको. आणि एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवा: समोर "मला" छापलेलं असताना मूल "माका" वाचत असेल, तर ती चूक समजू नका. अक्षरं बघून, अर्थ लावून तो स्वतःच्या भाषेत बोलतो आहे. समजून वाचल्याचा याहून चांगला पुरावा नाही. तिथे थांबवून दुरुस्त केलं तर मूल अर्थ सोडून नुसते आवाज काढायला शिकतं.

५. रोज किती वेळ बसवायचं?

अक्षरओळखीचं काम दहा ते पंधरा मिनिटं, सकाळी, चहा-नाश्ता झाल्यावर. तुम्ही वाचून दाखवायचं ते वेगळं, आणि त्याला तो मागेल तेवढा वेळ. या दोन बैठका एकत्र करू नका. नाहीतर गोष्टीच्या मोबदल्यात धडा द्यावा लागतो, असा हिशेब मुलाच्या डोक्यात बसतो. डोळ्यांत पाणी यायच्या आत थांबा. आंब्याच्या हंगामात घरदार बागेत असतं तेव्हा पाच मिनिटंच झाली तरी चालेल, पण खंड पडू देऊ नका.

६. आम्हीच वाचून दाखवलं तर तो आळशी होणार नाही का?

नाही. प्रश्न २ मधला गुणाकार आठवा. वाचून दाखवल्याने त्यातली दुसरी बाजू वाढते. पुस्तकात येणारे शब्द रोजच्या बोलण्यात येत नाहीत, ते कानावरूनच मुलापर्यंत पोहोचतात. म्हणून वाचून दाखवायचं पुस्तक त्याच्या वाचनाच्या पातळीपेक्षा दोन-तीन वर्षं पुढचं घ्या. प्रकरण रंगात आलं की उद्यासाठी ठेवा. तो स्वतः वाचायला लागल्यावरही हे बंद करू नका. बरीच घरं नेमकी तिथेच थांबतात, आणि मग मुलाला वाटतं की वाचायला शिकण्याची शिक्षा म्हणून गोष्टी गेल्या.

आजीला वाचता येत नसेल तर तिने गोष्ट सांगावी. तेवढंच मोल आहे तिला. आपल्या दशावताराला लिहिलेली संहिता नसते. कलाकार कथानक ठरवतात आणि संवाद रंगमंचावरच रचतात. जत्रेत रात्रभर तो बघणाऱ्या मुलाला गोष्टीची सुरुवात, पेच आणि शेवट आपोआप कळत जातो. दुसऱ्या दिवशी त्यालाच संकासुराचं सोंग सांगायला लावा आणि ते लिहून घ्या, प्रश्न ४ मध्ये सांगितलंय तसं.

७. पुस्तक बघितलं की पळतो. पुस्तकाशिवाय वाचायला काय द्यायचं?

भिंतीवरचं कॅलेंडर. किनाऱ्यावरच्या मुलाला समुद्र कधी भरणार हे कळायला हवंच असतं, आणि जुनी माणसं ते तिथीवरून काढतात: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमाराला, अष्टमीला सहाच्या सुमाराला, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. हा अंदाज आहे, जागेप्रमाणे थोडा फरक पडतो. होडी घेऊन जायचं असेल तर छापील तक्ताच बघावा. पण तिसऱ्या (शिंपल्या) काढायला किती वाजता निघायचं हे ठरवायचं काम मुलावर सोपवलं, तर तो "द्वितीया", "षष्ठी", "त्रयोदशी" स्वतःहून वाचतो. जोडाक्षरांचा इतका चांगला सराव कुठल्या पुस्तकात मिळणार? पाढेही होतात.

एसटीच्या पाट्या, त्यातही "मार्गे" नंतरची गावं. कोकण रेल्वेची स्थानकं: कणकवली, वैभववाडी, विलवडे, आडवली, निवसर. बंदरावर होड्यांवर रंगवलेली नावं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा होड्या वर ओढलेल्या असतात आणि निवांत वाचता येतात. आंब्याच्या पेटीवरचा मजकूर. बाजाराची यादी त्याला सांगून त्याच्याकडून लिहून घ्या आणि बाजारात त्यालाच वाचू द्या: बांगडे, पेडवे, सोलं, गूळ. दादाला क्रिकेटचं वेड असेल तर वर्तमानपत्राचं शेवटचं पान. हे खरं वाचन नाही असं कुणी म्हणालं तर मानू नका. ज्या मजकुरावाचून अडतं तो मजकूर मूल वाचतंच.

८. गावात पुस्तकाचं दुकान नाही. पुस्तकं आणायची कुठून?

कोकणाला वाचनालयांची फार जुनी परंपरा आहे आणि आपण ती पुरेशी वापरत नाही. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं. सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२ सालचं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. चिपळूणच्या या ग्रंथालयात जुलै २०२१ च्या महापुराचं पाणी शिरलं, पुस्तकांचं फार नुकसान झालं, आणि तरी माणसांनी ते पुन्हा उभं केलं. थोडी अनामत आणि वर्गणी भरून सभासद होता येतं. कार्ड शक्यतो मुलाच्या नावाने काढा. तालुक्याच्या गावी बाजाराला जाल तेव्हा अर्धा तास तिथे ठेवा आणि पुस्तक त्याला निवडू द्या. न वाचता परत केलं तरी बोलू नका.

फुकट हवं असेल तर प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ आहे, २०१५ पासून. त्यावर मराठी गोष्टी पातळीप्रमाणे लावलेल्या आहेत आणि उतरवून छापता येतात. बालभारतीची पाठ्यपुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर मिळतात आणि १९७१ पासून निघणाऱ्या "किशोर" मासिकाचे जुने अंकही तिथे बघायला मिळतात. गणपतीला येणाऱ्या चाकरमानी काका-आत्यांना मिठाईऐवजी पुस्तकं आणायला सांगा, मात्र नावं तुम्ही कळवा. नाहीतर बोधकथांचे तेच ते संच घरात जमतात.

९. पावसात पुस्तकांना बुरशी धरते. काय करू?

भिंतीला टेकून ठेवू नका, हवा खेळेल अशी मोकळी लावा. ओलसर पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत बंद केलं तर जास्त बिघडतं. चारदोनच बाहेर ठेवा, बाकीची मे महिन्यात उन्हं दाखवून पत्र्याच्या पेटीत वेखंडाच्या तुकड्यांसोबत. ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा बाहेर काढा.

१०. मोबाइलवर वाचलं तर चालेल का?

अक्षर मोठं करता येतं हा फायदा खरा आहे. बारीक छपाईला घाबरणाऱ्या मुलाला त्याने मदत होते. पण गोष्ट आधी उतरवून घ्या आणि इंटरनेट बंद करून द्या. ध्वनिपुस्तकं ऐकायला हरकत नाही. ते ऐकणं झालं, अक्षरांचं काम वेगळं करावंच लागतं.

११. इंग्रजी कॉमिक आवडीने वाचतो, मराठी नको म्हणतो.

मग तो वाचणारा मुलगा आहे, हे आधी मान्य करा. कॉमिक काढून घेऊ नका. मराठी बहुधा जोडाक्षरांपाशी मागे पडलेली असते: इंग्रजीत तो दहा वर्षांच्या मुलाचं वाचतो आणि मराठीत त्याला पाच वर्षांच्या मुलाची पुस्तकं मिळतात, त्याचा अपमान वाटतो. त्याच्या वयाच्या विषयाची मराठी पुस्तकं, शिकारीची, किल्ल्यांची, शोधांची, तुम्ही वाचून दाखवा. प्रश्न ३ मधली गाळलेली पायरी बाजूला चालू ठेवा.

१२. अक्षरं शिकवली की विसरतो, पहिलं अक्षर बघून काहीतरी ठोकून देतो. डिस्लेक्सिया असेल का?

असू शकतो. बुद्धी चांगली असूनही अक्षरं-शब्द ओळखणं अवघड जातं, तो डिस्लेक्सिया; अध्ययन अक्षमतेचा हा एक प्रकार. शंका असेल तर तपासणी टाळू नका. क्रम असा ठेवा. आधी डोळे आणि कान. चष्म्याचा नंबर असलेली मुलं वर्षभर "आळशी" ठरलेली असतात. मग स्वतःला विचारा: सहा महिने नियमित, शांतपणे, थोडी थोडी अक्षरं घेऊन काम झालंय का? झालं असेल आणि आठव्या वर्षीही साधे शब्द लागत नसतील, वार आणि महिने क्रमाने लक्षात राहत नसतील, घरात आणखी कुणाला लहानपणी हाच त्रास झालेला असेल, तर थांबू नका. सहा-सात वर्षांच्या मुलाने अक्षर उलटं काढणं एवढ्यावरून मात्र घाबरू नका, ते बऱ्याच मुलांचं होतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, आणि त्यासाठीचं डीईआयसी केंद्र, म्हणजे मुलांच्या अडचणी लवकर ओळखून मदत करणारं केंद्र, जिल्हा रुग्णालयात असतं. सुरुवात तिथे करा. अध्ययन अक्षमतेच्या पूर्ण चाचण्यांसाठी कोकणातल्या बऱ्याच कुटुंबांना मुंबई गाठावी लागते. सायन आणि केईएम या महापालिकेच्या रुग्णालयांत त्या होतात. विशिष्ट अध्ययन अक्षमता दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधल्या २१ प्रकारांत आहे. प्रमाणपत्र मिळालं तर पुढे परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मागता येतात, मूल घरी शिकलेलं असलं तरी.

मुलाला काय सांगायचं? खरं तेच: "तुझी बुद्धी चांगली आहे, तुला अक्षरं वेगळ्या रीतीने शिकावी लागतील, आणि आपण ती शिकू." वाचून दाखवणं या काळात दुप्पट करा, म्हणजे अक्षरांपायी त्याचं ज्ञान अडणार नाही.

१३. पुस्तकामागे चॉकलेट किंवा पैसे द्यावेत का?

माझं मत स्पष्ट नाही असं आहे. मूल पानं मोजायला लागतं आणि सगळ्यात बारकं पुस्तक निवडतं. द्यायचंच तर रात्री अर्धा तास उशिरा झोपायची मुभा द्या, दिवा आणि पुस्तक सोबत.

१४. गणपतीत सगळे जमतात आणि "शाळेत जात नाहीस ना, वाच बघू हे" म्हणून परीक्षा घेतात.

आधीच फोन करून आत्याला, मामाला सांगा: त्याला वाचायला लावू नका, त्याला वाचून दाखवा. बहुतेक माणसं ऐकतात. आणि मुलासाठी तयारी करा. आरत्या त्याला चालीसकट पाठ असतात. आरतीसंग्रह हातात देऊन महिनाभर आधीपासून ओळीखाली बोट फिरवत म्हणायला लावा. पाठ असलेला शब्द आणि छापलेला शब्द जुळत जातात. चवथीच्या संध्याकाळी पुस्तक धरून सगळ्यांच्या पुढे तोच उभा राहू शकतो. भीड असेल तर आग्रह नको.

१५. धाकटी बहीण त्याच्याआधी वाचायला लागली. आता तो पुस्तकाला हातच लावत नाही.

दोघांच्या वेळा आणि जागा वेगळ्या करा. तिचं कौतुक करा, पण त्याच्यासमोर तिला वाचायला लावू नका, आणि "बघ, ती वाचते" हे वाक्य घरातून हद्दपार करा. गळ टाकणं, सायकल दुरुस्त करणं, जे त्याला येतं त्याची माहितीपुस्तिका त्याने सांगायची आणि तुम्ही लिहायची. ती पुस्तिका वाचायला तोच पहिला असतो. तपासणीचा विचारही करा (प्रश्न १२).

१६. शाळेत नाव नाही आणि वाचताही येत नाही. कायद्याची अडचण येईल का?

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, ६ ते १४ वयासाठी. मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे असं त्यात म्हटलंय, पण न घातल्यास पालकांना शिक्षेची तरतूद त्यात नाही. घरी शिकवण्याला वेगळी मान्यता देणारं कलमही नाही. पुढे शाळेत घालावंसं वाटलं तर वयाप्रमाणे वर्ग मिळण्याचा आणि मागे राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क त्याच कायद्यात आहे. परीक्षेची वाट महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाकडून पाचवी-आठवीपासून खुली आहे आणि राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावी चौदाव्या वर्षी देता येते. म्हणजे प्रश्नपत्रिका स्वतः वाचण्याची वेळ लवकरात लवकर दहाव्या वर्षाच्या आसपास येते. मुलाच्या कामाच्या वह्या, वाचलेल्या पुस्तकांची यादी आणि प्रश्न ४ मधले कागद तारीख घालून जपून ठेवा.

१७. शाळेतून काढलं आणि होतं तेवढं वाचनही त्याने सोडलं.

शाळेत वाचनाशी भीती जोडली गेली असेल तर असं होतं. काही आठवडे अक्षरांची बैठक पूर्ण बंद ठेवा, फक्त वाचून दाखवा आणि प्रश्न ७ मधल्या गोष्टी करा. "मुद्दाम करतोयस" म्हणू नका. सुरुवात करताना शाळेत होतं ते पुस्तक घेऊ नका, आणि त्याला नक्की जमेल अशा पातळीवरून करा.

१८. मला स्वतःलाच वाचायची सवय नाही. शाळा सातवीत सुटली. मी कशी शिकवू?

शिकवू शकता. साध्या शब्दांच्या पायरीपर्यंत लागतं तेवढं तुम्हाला येतं, आणि पुढचं पुस्तक तुम्ही दोघांनी एकत्र वाचायचं आहे. एक ओळ तुमची, एक त्याची. तुम्ही अडखळलात तर लपवू नका, "थांब, हा शब्द मलाही कठीण आहे" म्हणा आणि त्याच्यासमोर फोडून वाचा. अडलेला शब्द कसा सोडवायचा हे मुलाला दुसरं कुणी इतकं उघड दाखवत नाही. वाचून दाखवायला जड जात असेल तर आदल्या रात्री ते पान एकदा स्वतःशी वाचून ठेवा. शेजारच्या निवृत्त गुरुजींना आठवड्यातून एक संध्याकाळ मागा, बहुतेक आनंदाने देतील. वाचनालयाचं कार्ड काढाल तेव्हा दोन काढा, एक त्याचं आणि एक तुमचं.